सशाचे नाक आणि खोलीतली हवा

ससा हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी दोनच ठिकाणी भेटलेला असतो. एकदा कासवाशी शर्यत हरताना आणि एकदा पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची बोंब ठोकत पळताना. दोन्ही गोष्टींच्या चित्रांत तो धापा टाकत असतो, तोंड उघडे, जीभ बाहेर. प्रत्यक्षात ससा असा तोंड उघडून धापा टाकताना दिसला तर हातातले काम टाकून डॉक्टरकडे पळायचे असते. कारण ससा हा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याच्या घशाची रचनाच अशी, की नाकातून आलेली हवा थेट श्वासनलिकेत उतरते. चरता चरता शत्रूचा वास घेता यावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण सोय म्हटली की गैरसोय आलीच. आपले नाक चोंदले तर आपण तोंडाने श्वास घेत लेक्चरला बसतो (आणि घोरतो). सशाचे नाक चोंदले तर त्याच्याकडे दुसरा दरवाजाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हे काय काढलंय? तर त्याचे कारण बंड्या. हॉस्टेलच्या मागे स्टाफ क्वार्टर्समध्ये वर्कशॉपचे काका राहतात, त्यांच्याकडे असलेला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एका पासआऊट झालेल्या भाईने तो जाताना मागे ठेवला आणि काकूंनी उचलून घरी नेला. तेव्हापासून त्याला शिंका होत्या. पुढे नाकातून घट्ट पांढरा शेंबूड येऊ लागला, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या जटा झाल्या. डॉक्टर मॅडमनी तपासले, नाकातला नमुना तपासणीला पाठवला आणि सरळ सांगितले, "हा पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण नीट सांभाळलात तर वर्षानुवर्षं चांगला जगेल. औषध मी देते, हवा तुम्ही बघा." काकांनी ते 'हवा बघा' आमच्यावर सोपवले, कारण आम्ही 'मेकॅनिकलची पोरं'. त्या दीड वर्षात जे वाचले, विचारले आणि करून पाहिले ते इथे लिहितो आहे. हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये ससे लपून असतात हे रेक्टर सरांना माहीत नसेल, पण आपल्याला माहीत आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. सशांच्या या सर्दीला इंग्रजीत 'स्नफल्स' म्हणतात. बहुतेक वेळा तिच्यामागे पाश्च्युरेला मल्टोसिडा नावाचा जिवाणू असतो, कधी बोर्डेटेला, कधी आणखी काही. गंमत (म्हणजे गंमत कसली!) अशी की बरेच ससे हा जिवाणू नाकात घेऊन निवांत फिरत असतात, त्यांना काहीही होत नाही. नाकाच्या आतल्या पातळ त्वचेवर सूक्ष्म केस असतात, ते सतत हलून घाण बाहेर ढकलत राहतात. ही यंत्रणा चालू आहे तोवर जिवाणू गप्प. अमोनिया, धूळ, धूर, उकाडा, भीती यांपैकी कशानेही ती मंदावली की जिवाणूंचे फावते. मग संसर्ग नाकातून सायनसमध्ये, डोळ्यांच्या अश्रुनलिकेत, कानात आणि वाईट नशीब असेल तर फुप्फुसात पोहोचतो. कानाच्या आतल्या भागात गेला तर सशाची मान एका बाजूला वाकडी होते. गोळ्यांनी जिवाणू कमी होतात, पण संपतीलच असे नाही, आणि ज्या हवेमुळे ते माजले तीच हवा कायम असेल तर कोर्स संपल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून हवा. आणि हवेत पहिला नंबर अमोनियाचा.

सशाच्या लघवीत युरिया असतो. कोपऱ्यातले जिवाणू आपल्या युरिएज नावाच्या विकराने त्या युरियाचे पाण्याच्या साहाय्याने विघटन करतात आणि एका रेणूमागे अमोनियाचे दोन रेणू बाहेर पडतात. लघवी ताजी असताना फारसा वास नसतो. वास येतो तो काही तासांनंतर, आणि ओल व ऊब जितकी जास्त तितका लवकर. म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात संध्याकाळी साफ केलेला ट्रे सकाळी डोळ्यांत पाणी आणतो, तोच जानेवारीत दिवसभर चालून जातो. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. त्यामुळे श्वासाबरोबर आत गेल्यावर तो सगळ्यात आधी नाकातल्या ओल्या त्वचेतच विरघळतो आणि तिथेच दाह करतो. ज्या अवयवावर ससा जगतो नेमका तोच पहिला सापडतो.

इथे एक वायव्हा-टाइप प्रश्न हमखास येतो. अमोनियाचा रेणुभार १७, हवेचा सरासरी २९. म्हणजे अमोनिया हलका, तो वर जाणार, मग जमिनीवरच्या सशाला काय त्रास? उत्तर असे की तो वर जाईपर्यंत सशाच्या नाकासमोरूनच जातो. उगम ट्रेमध्ये आणि सशाचे नाक त्या ट्रेपासून चार बोटांवर. तुम्ही पाच-साडेपाच फुटांवर उभे राहून 'वास येत नाही' म्हणता तेव्हा तुम्ही खोलीची सरासरी मोजत असता, ससा मात्र उगमापाशीची तीव्रता मोजत असतो. शिवाय आपल्या नाकाला सवय होते. कारखान्यात माणसांसाठी आठ तासांच्या पाळीला २५ पीपीएम ही मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते. तीही धडधाकट माणसांसाठी, आणि ती माणसे संध्याकाळी घरी जातात. ससा चोवीस तास तिथेच. तेव्हा कुठलाही आकडा डोक्यात धरण्यापेक्षा साधी कसोटी अशी : बाहेरून आल्या आल्या, सवय व्हायच्या आत, गुडघे टेकून ट्रेपाशी नाक न्या. झोंबले तर सशाला केव्हाचे झोंबते आहे. काकूंना हे मी करून दाखवले तेव्हा त्या इतक्या हसल्या की विचारू नका, पण आता रोज सकाळी त्याच तपासतात. केमिस्ट्री लॅबमधला लाल लिटमस ओला करून ट्रेच्या वर धरला आणि तो निळा झाला तर वादच मिटला. मात्र नाही झाला म्हणून सगळे आलबेल आहे असे समजू नये.

उपाय दोनच : हवा जास्त खेळवा किंवा अमोनिया कमी तयार होऊ द्या. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, दुसऱ्यात कष्ट आहेत. पण हिशेब करून बघा. खोलीतली स्थिर अवस्थेतली तीव्रता म्हणजे दर तासाला तयार होणारा वायू भागिले दर तासाला बदलणारी हवा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली घेतली तर आकारमान १२०० घनफूट. तासाला दोनदा हवा बदलते असे धरू. ती चारदा बदलली तर तीव्रता निम्मी होईल. आता हवा आहे तशीच ठेवा, पण ओला कचरा रोज उचलून उगमच एक दशांशावर आणा. हाच परिणाम नुसत्या हवेने साधायचा तर तासाला वीसदा हवा बदलावी लागेल. प्रयोगशाळेत प्राणी ठेवतात त्या खोल्यांनासुद्धा तासाला १० ते १५ बदल असा संकेत आहे, आणि त्यांच्याकडे डक्टिंग असते, आपल्याकडे एक खिडकी, तीही अर्धी अडकलेली. शिवाय हे समीकरण सगळी हवा एकसारखी मिसळली आहे असे गृहीत धरते, आणि सशाच्या नाकापाशी तसे नसते हे वर पाहिलेच. थोडक्यात, पंख्यापेक्षा फावडे श्रेष्ठ.

ससा स्वच्छताप्रिय प्राणी आहे, तो स्वतःच एक कोपरा ठरवून तिथेच लघवी करतो. ट्रे त्याच कोपऱ्यात ठेवा, वाद घालू नका. ट्रेमध्ये खाली पाणी शोषणारा थर, वर प्लॅस्टिकची जाळी आणि जाळीवर थोडे गवत अशी रचना केली की लघवी खाली जाते आणि ससा कोरडा राहतो. बंड्यासाठी आम्ही भाजी मंडईतल्या प्लॅस्टिकच्या क्रेटचा तळ कापून जाळी केली, कडा घासून गुळगुळीत केल्या. फुकटात काम झाले. नुसत्या तारेच्या जाळीवर मात्र ससा कायम उभा ठेवू नये, त्याच्या तळपायांना आपल्या कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, जखमा होतात. खालचा थर दिवसातून दोनदा बदलायचा.

थर कशाचा? लाकडाच्या वखारीतला भुसा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. त्याची बारीक धूळ नाकात जाते. देवदार, पाइन यांसारख्या वासाच्या लाकडांतली तेलकट द्रव्ये श्वसनाला त्रास देतात आणि यकृतावरही परिणाम करतात. सागाच्या भुशाने तर सुतारांनासुद्धा शिंका आणि खाज येते. आम्ही जुनी वर्तमानपत्रे वापरतो, उभ्या पट्ट्या फाडून. हॉस्टेलच्या रीडिंग रूममधली रद्दी आठवड्याला दोन किलो मिळते. (पेपर गायब होतात अशी तक्रार होती, ते वाचून झालेले नेतो, कृपया नोंद घ्यावी.) चकचकीत रंगीत पुरवण्या शोषत नाहीत, त्या बाजूला काढा.

साफ करताना दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. सशाच्या लघवीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असते, म्हणून ट्रेवर पांढरी खरपुडी धरते. ती साबणाने निघत नाही, पण पांढऱ्या व्हिनेगरने निघते, कारण आम्ल आणि कार्बोनेट. तेच आम्ल उरलेला अमोनियाही मारते. अकरावीचे रसायनशास्त्र इतके कामाला आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. दुसरी गोष्ट, ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी लघवीने भरलेल्या ट्रेवर कधीही ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, ते सशाला तर मारक आहेतच, बंद बाथरूममध्ये तुम्हालाही. व्हिनेगरबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरीन. म्हणजे दोन्हीकडून दार बंद, ब्लीच नकोच. फिनेलचा उग्र वासही नको. ट्रे बाहेर नेऊन व्हिनेगर, मग गरम पाणी, मग ऊन. खोलीत कोरड्या झाडूऐवजी ओले फडके, आणि तेवढा वेळ ससा दुसऱ्या खोलीत.

आता गवत. इथे खरी पंचाईत आहे, कारण जे सशासाठी सर्वांत आवश्यक तेच धुळीचे कोठार. सशाच्या आहाराचा मोठा हिस्सा वाळलेल्या गवताचा असला पाहिजे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजायला गवतच लागते. गाजर हे कार्टूनमधले अन्न आहे, खरे म्हणजे ती सशाची मिठाई. दात झिजले नाहीत तर वरच्या दातांची मुळे अश्रुनलिका आणि नाकाच्या पोकळीच्या दिशेने सरकतात, आणि मग डोळे-नाक वाहू लागते. म्हणजे 'धुळीचा त्रास होतो म्हणून गवत बंद' हा उपाय केला तर सहा महिन्यांनी दातांमुळे तोच त्रास परत. काकांना वाटत होते गवत थांबवावे. मॅडमनी तोंडात दुर्बीण घालून मागच्या दाढा दाखवल्या तेव्हा पटले. 'नाक वाहतंय' म्हणजे सर्दीच असे नसते, दातही तपासून घ्यावेत.

मग करायचे काय, तर गवत घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून झटकायचे. मूठ-मूठ घेऊन, घाई न करता. झटकल्यावर वरून पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि लगेच द्यायचे. ओलसर गवताची धूळ उडत नाही. पण असे ओले केलेले उरले तर संध्याकाळी फेकून द्यायचे, दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशी धरते आणि बुरशीचे बीजाणू धुळीपेक्षा वाईट. गवत हिरवट आणि गोड वासाचे हवे. काळे ठिपके, कुबट वास, हातात घेतल्यावर पांढरा धूर असे दिसले की गाठोडे पूर्ण नाकारा, दुकानदाराने कितीही 'खाली चांगला आहे' म्हटले तरी. लसूणघास सगळीकडे मिळतो पण मोठ्या सशाला तो रोज पोटभर देऊ नये, त्यात कॅल्शियम फार. पोते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात भिंत घाम सोडते. लाकडी फळीवर, गोणपाटात, हवा लागेल असे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले गवत चार दिवसांत घामेजते.

धुराबद्दल फार लिहायला नको, पण यादी वाचून हॉस्टेलवाल्यांना स्वतःची खोली आठवेल. मच्छर कॉइल, उदबत्ती, धूप, आरतीचा कापूर, सिगारेट (जी आपल्याकडे कोणीच ओढत नाही), डिओ, परफ्यूम, रूम फ्रेशनर, इलेक्ट्रिक शेगडीवरची मिरचीची फोडणी. ज्याने तुम्हाला शिंक येते त्याने सशाच्या नाकाचे काय होत असेल ते बघा. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, जाळी सशाला कुरतडता येणार नाही अशी बाहेरून ताणून. काकूंची संध्याकाळची उदबत्ती हा नाजूक विषय होता. शेवटी देवघर आहे त्या खोलीचे दार लावून घ्यायचे आणि उदबत्ती बाहेर तुळशीपाशी लावायची यावर तह झाला. "माझा देव ऐकेल हो, त्याला कळतं," असे म्हणून त्यांनीच विषय मिटवला. दिवाळीच्या रात्री मात्र खिडक्या बंद, सगळ्यात आतली खोली, दाराच्या फटीला ओला टॉवेल. फटाक्यांचा आवाजही धुराइतकाच वाईट, भीतीने ससा खाणे सोडतो.

एअर प्युरिफायर घ्यावा का, असे दोघांनी विचारले. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, म्हणजे गवताची धूळ, केस आणि बीजाणू यांच्यासाठी उत्तम. पण अमोनिया हा कण नव्हे, वायू आहे, तो हेपामधून आरपार जातो. सोबत साधा कार्बन फिल्टर असला तरी अमोनियापुढे तो फारसा टिकत नाही. म्हणजे आठ-दहा हजारांचे यंत्र आणूनही फावडे सुटत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे तर आणूच नका, ओझोन स्वतःच श्वासनलिकेला जाळतो. आमच्याकडे यंत्र नाही आणि अडले नाही.

उकाडा हा वेगळा शत्रू. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळे करून राहणारा. बिळात थंडावा असतो. त्याला १६ ते २२ अंश तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, पुण्यातही ४० गाठतो. सशाला घाम जवळजवळ येत नाही. तो उष्णता टाकतो कानांतून, आणि काही प्रमाणात नाकातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनातून. म्हणजे कान हा त्याचा रेडिएटर. नाक चोंदलेल्या सशाचा थंड होण्याचा एक मार्ग आधीच बंद असतो, म्हणून ज्या उन्हात निरोगी ससा नुसता सुस्तावतो त्यात आजारी ससा जाऊ शकतो. तीस अंशांच्या वर गेले की लक्ष ठेवायला लागा. शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून पिंजऱ्यात ठेवा, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कानांना बाहेरून साध्या पाण्याचा हात लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवणे वगैरे प्रकार नकोत, त्या धक्क्यानेच तो जाईल.

कूलरबद्दल विदर्भातल्या आणि कोकणातल्या मित्रांनी वेगवेगळे वाचावे. कूलर बाष्पीभवनावर चालतो, म्हणून कोरड्या हवेतच थंडावा देतो. विदर्भाच्या मे महिन्यात तो वरदान, मात्र एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचत जातो. कोकण-मुंबईत किंवा पावसाळ्यात कुठेही तो फक्त दमटपणा वाढवतो. दमट खोलीत ट्रे वाळत नाही, अमोनिया वाढतो, गवताला बुरशी येते. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता बरी. छोटे मापक यंत्र काहीशे रुपयांत मिळते, आमचे मेट्रॉलॉजी लॅबचे सर म्हणतात तसे, मोजल्याशिवाय बोलू नये. कूलरच्या गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या वर्षानुवर्षे तशाच असतील तर त्यात बुरशी असते, हंगामाच्या सुरुवातीला बदला. आणि कूलर असो वा पंखा, झोत थेट सशावर नको. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला की हवा खेळते पण झोत लागत नाही. एक्झॉस्ट लावायचा तर ट्रेच्या बाजूला लावा आणि समोरून ताजी हवा आत यायला फट ठेवा. आत यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता गुरगुरतो.

पिंजऱ्याची जागा बाथरूमला लागून नको, स्वयंपाकघरात नको, उन्हाच्या खिडकीत नको. एका बाजूला खोका ठेवा, लपायला. दडायला जागा असलेला ससा शांत असतो आणि शांत सशाचा श्वासही शांत असतो. कान धरून उचलणे हे चित्रातल्या जादूगाराला ठीक, प्रत्यक्षात एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. छातीवर दाब द्यायचा नाही, सशाचा छातीचा पिंजरा पोटाच्या मानाने फार लहान असतो. दुसरा ससा आणायचा असेल तर आधी काही आठवडे वेगळ्या खोलीत. गिनीपिग तर सोबत ठेवूच नका, सशाच्या नाकातला बोर्डेटेला गिनीपिगला न्यूमोनिया देतो. आणि रूम पार्टनरला दमा असेल तर त्याला विचारल्याशिवाय ससा आणणे हा अन्याय आहे, सशाचे केस आणि गवत दोन्हीची ॲलर्जी असते लोकांना.

औषधांबद्दल एकच परिच्छेद, पण तो कृपया नीट वाचा. हॉस्टेलमध्ये प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये सर्दी-घशासाठी आणलेली अमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी असते. ती सशाला तोंडाने देणे म्हणजे विष देणे आहे. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा काही दिवसांत दगावतो. मात्रा कमी केली तरी धोका टळत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवाराही सशाला मारक आहे. छातीला बाम चोळणे, निलगिरीची वाफ देणे हे आपले घरगुती उपायही नकोत. मॅडमनी नेब्युलायझर दिले तेव्हा साध्या सलाइनचे दिले, तेही मापून, आणि कसे धरायचे ते दाखवून. सशावर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात हे खरे. मोठा आधार पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांचा. मुंबईला परळचे १८८६ पासूनचे आहे, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही आहेत. फोन करून 'सशाला बघता का' एवढे आधी विचारा, उन्हातला प्रवास वाचेल.

रोज काय बघायचे? आमच्याकडे काकांच्या दारामागे ग्राफ पेपर लावला आहे. ससा निवांत बसलेला असताना कुशीची हालचाल १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायचे. ३० ते ६० हे नेहमीचे. पकडून, घाबरवून मोजलेला आकडा बाद. आठवड्यातून एकदा किराणावाल्या भाऊंच्या काट्यावर वजन. पुढच्या पायांचे केस ओले आहेत का, शेंबूड पातळ आहे की घट्ट, लेंड्या नेहमीएवढ्या आहेत का. लेंड्यांचा नाकाशी काय संबंध असे वाटेल, पण नाक चोंदले की वास येत नाही, वास नाही तर भूक नाही, आणि खाताना श्वास घेणेही जड जाते. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही तर ते थांबण्याचा धोका असतो, मग सर्दी बाजूला राहते आणि ससा पोटाने जातो. म्हणून 'आज जेवला नाही, उद्या बघू' हे सशाच्या बाबतीत चालत नाही. डोके वर ताणून, नाकपुड्या फुगवून श्वास घेणे, ओठ निळसर पडणे आणि सुरुवातीला सांगितलेले उघडे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. जाताना हवेशीर टोपली, ओले फडके, आणि कमीत कमी माणसे. गर्दी आणि सल्ले हॉस्टेलवर सोडून जायचे.

गेल्या पावसाळ्यात बंड्याचा श्वास तीन दिवस सत्तरच्या वर होता. ग्राफवर ती रेघ अजून दिसते, मधेच उठलेल्या डोंगरासारखी. जुलैच्या पावसात गवताचे पोते दमट झाले होते, तेच कारण निघाले. पोते बदलले, औषध वाढवले, चौथ्या दिवशी रेघ खाली आली. आता त्याला अधूनमधून शिंका येतात, नाक थोडे ओले असते, बाकी तो खातो, उड्या मारतो आणि काकांच्या चपला कुरतडतो. सेमिस्टरच्या सुट्टीत काका-काकू गावी जातात तेव्हा ट्रेची पाळी आमच्यावर असते. या मे महिन्यात २० ते ३१ तारखा रिकाम्या आहेत. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, प्रत्येकी वीस मिनिटे. नाव द्यायचे असेल तर हॉस्टेलच्या ऑफिसबाहेर कागद लावला आहे. डिओ मारून येऊ नये.